घर सोडलंस, पण नाव अजून तिथेच आहे

प्रिय मावशी,
मी ३६ वर्षांची, नाशिकला एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पगार २४ हजार. नवऱ्यापासून वेगळी होऊन आठ महिने झाले, नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आईकडे राहते. भाऊ-वहिनीही तिथेच असतात. बारा वर्षं माझं एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात होतं, पेट्रोलचे पैसेसुद्धा मागून घ्यायचे. आता फ्लॅटचे हप्ते त्याने थांबवलेत आणि बँकेचे फोन मला येतात, कारण कर्जावर माझीही सही आहे. मैत्रिणीकडे जायचं ठरवलं की हा तिच्या गेटपाशी हजर. मारत नाही, नुसता बघत उभा राहतो. माझे दागिने सासूबाईंच्या कपाटात आहेत. भाऊ म्हणतो, ‘काही नको असं लिहून दे आणि मोकळी हो.’ दागिने मागितले तर मी लोभी ठरेन का? यातून उभी कशी राहू?

बाळ,

तुझ्या पत्रात मला पहिल्यांदा खटकलं ते ते गेट. तू कुठे जाणार हे त्याला कळतं कसं? मैत्रिणीवर संशय घेण्याआधी फोन हातात घे आणि व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघड. तिथे एखादा कॉम्प्युटर दिसेल, शेजारी ‘आज सकाळी ६:४०’ अशी वेळ. मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला लॅपटॉप अजून त्याच घरात असेल, तर तुझं सगळं बोलणं तो चहा पिता पिता वाचतोय. मग गूगल खात्यात कोणकोणती उपकरणं जोडलीत आणि लोकेशन कुणाला दिसतंय तेही बघ.

सापडलं की लगेच काढून टाकू नकोस. आधी आईच्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो घे, तारीख-वेळ दिसेल असा. आणि काढशील त्या दिवशी घरात भाऊ असू दे. वाट बंद झाली की अशी माणसं बिथरतात. त्याचं गेटपाशी उभं राहणं ‘नुसतं’ नाही, बाईचा पाठलाग करणं हा गुन्हा आहे. पुन्हा दिसला तर ११२ ला फोन कर आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घे. तोंडी सांगून येऊ नकोस.

मी बँकेत ३१ वर्षं काउंटरमागे काढली. घर सोडून आलेल्या बायका पासबुक पुढे करून शिल्लक विचारायच्या. मी उलट विचारायची, ‘या खात्याला मोबाइल नंबर कुणाचा लावलाय?’ त्या गप्प व्हायच्या. तुलाही तेच विचारते. तुझं सिम कुणाच्या नावावर आहे? लग्नानंतर त्यानेच घेऊन दिलेलं असेल, तर उद्या दुकानात जाऊन तो त्याचं डुप्लिकेट काढू शकतो. मग तुझे ओटीपी त्याच्या खिशात. तेव्हा आधी स्वतःच्या नावावर नवं सिम घे आणि आधार केंद्रावर जाऊन तो नंबर आधारला लाव. त्यानंतर दुसऱ्या बँकेत, फक्त तुझ्या एकटीच्या नावाचं खातं. पगार तिकडे वळव आणि मगच जुनं कार्ड बंद कर. हा क्रम उलटा झाला तर मधल्या चार दिवसांत तू ना इकडची ना तिकडची. पीएफ, विमा, बँक, सगळीकडे नॉमिनी म्हणून अजून तोच असेल, तेही बदलायला घे. मुलीचं सुकन्या खातं असेल तर पालक म्हणून कोणाचं नाव आहे ते पाहा. ती अठरा वर्षांची होईपर्यंत खातं तोच पालक चालवतो.

आता हप्ता. इथे मी गोड बोलणार नाही. सहकर्जदार म्हणून तुझी सही आहे, म्हणजे बँकेच्या लेखी पूर्ण कर्ज तुझंही आहे, अर्धं नाही. ‘मी आता तिथे राहत नाही’ हे ऐकून बँक नाव काढत नाही. त्याच्या एकट्याच्या उत्पन्नावर कर्ज बसतंय असं तिला वाटलं तरच ते निघतं. हप्ता ९० दिवसांवर थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं, त्यानंतर बँक ६० दिवसांची नोटीस काढून घर ताब्यात घ्यायच्या मार्गाला लागू शकते. तुझा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याची पत, तर त्याआधीच पडायला लागतो. म्हणून फोनवर रडून उपयोग नाही. शाखेत जा, कर्जखात्याचा उतारा माग, आणि तू वेगळी राहतेस, तुझा नवा पत्ता-नंबर हा, यापुढचा पत्रव्यवहार इथे करा, असं पत्र देऊन शिक्का घे. फ्लॅटच्या करारनाम्यात तुझं नाव आहे का तेही बघ. कर्जात आहे आणि करारात नाही, अशा कितीतरी जणी मी पाहिल्यात.

पण २४ हजारांतून एकटीने हप्ते भरायला धावू नकोस. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा केवळ मारहाणीसाठी नाही. कार्ड काढून घेणं, पैसे अडवणं, हे त्यात आर्थिक छळ म्हणून लिहिलेलं आहे. त्याखाली अर्ज केलास तर खर्चाची रक्कम, घर परस्पर विकायला मनाई, स्त्रीधन परत करण्याचा आदेश, हे सगळं एकाच ठिकाणी मागता येतं. वकिलाची फी नाही म्हणून थांबली असशील तर थांबू नकोस. बाईला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शोध, किंवा १५१०० ला फोन लाव.

आणि उशीर करू नकोस, कारण उशिराचे पैसे पडतात. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून दिलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, आणि दोघांनीही आपली मिळकत व देणी शपथेवर सांगायची. म्हणजे अर्जाविना गेलेले हे आठ महिने हिशेबात येणं कठीण. तू कमावतेस म्हणून तुझा हक्क आपोआप जात नाही, आणि मुलीचा खर्च तर वेगळाच.

दागिन्यांचं म्हणशील, तर लोभी हा शब्द तुझ्या डोक्यात कुणी घातला? तुझ्या आईवडिलांनी, आलेल्या पाहुण्यांनी तुला दिलेलं ते तुझं स्त्रीधन. सासूबाईंच्या कपाटात ते फक्त ठेवायला आहे. आज संध्याकाळी आईला लग्नाचा अल्बम घेऊन बसव. तोडे किती तोळ्यांचे, मोहनमाळ कुठल्या सराफाकडची, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. फोटोपुढे वजन लिहीत जा. पावत्या सापडल्या तर उत्तमच.

भावाचा राग धरू नकोस. त्याला घरातली कटकट संपवायची आहे, तुला नऊ वर्षांच्या मुलीची दहावी-बारावी दिसतेय. पण ‘काही नको’ या कागदावर वकिलाने वाचल्याशिवाय सही नाही, घरात कितीही तोंडं वाकडी झाली तरी. भावाला महिन्याला ठरावीक रक्कम देत जा, थोडी का होईना. आश्रित म्हणून राहणाऱ्या बाईचं मत घरात कुणी विचारत नाही, हे कडू असलं तरी खरं आहे. नव्या खात्यात हजार रुपयांची आरडी, म्हणजे दरमहा ठेव, लाव. ऑफिसातली मोठी भिशी सध्या नको, मध्येच कुणी फुटलं तर तुला झेपणार नाही.

बँकेचं पत्र सोमवारीच देऊन टाक. शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो काढशील, तो गूगल ड्राइव्हवर टाकू नकोस, पासवर्ड बदलेपर्यंत ते कपाटही त्याचंच आहे. आईच्या फोनमध्ये ठेव, आणि मूळ कागद तिच्या ट्रंकेत, अल्बमच्या खाली.

तुझी,
मावशी