लालबागेचे काचघर आणि थकलेले आईवडील : सुट्टीचा दिवस टाळा, दार आधी विचारा

नमस्कार. कराडहून तुम्ही विचारले आहे की, गुडघे दुखणारी आई, वडील आणि दोन लहान मुले यांना घेऊन बेंगळुरूच्या लालबागेतील पुष्पप्रदर्शन पाहायला नेमके 26 जानेवारीलाच जावे का, आणि ‘ज्येष्ठांची सगळी सोय आम्ही बघतो’ असे फोनवर सांगणाऱ्या प्रवासी कार्यालयावर विसंबावे का. हे वाचताना 2022 च्या ऑगस्टमधील आमचीच फेरी डोळ्यांसमोर आली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुक्काम, औषधांची पिशवी यांविषयी काही लिहीत नाही, कारण घरातली वडीलधारी माणसे घेऊन निघणाऱ्याला ते सांगावे लागत नाही.

माझे मत आधीच सांगतो : जरूर जा, पण 26 तारखेला मुळीच जाऊ नका, आणि तोंडी आश्वासनावर तर एक रुपयाही देऊ नका.

आमच्याकडे ही फेरी वडिलांसाठी ठरली होती. त्यांची सगळी नोकरी पलूसकडच्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात), साचे तयार करणाऱ्या मोल्डिंग विभागात झाली. त्यांना फुलांपेक्षा ते काचघर पाहायचे होते, कारण त्याचा सांगाडा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या काच-लोखंडाच्या प्रदर्शनगृहाच्या धर्तीवर उभारलेल्या या इमारतीची कोनशिला 30 नोव्हेंबर 1889 रोजी इंग्लंडचे राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर यांच्या हस्ते बसवली गेली. त्या वेळी बागेचे अधीक्षक जॉन कॅमेरॉन होते आणि ओतकाम ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफार्लेन यांच्या सॅरासेन फाउंड्रीतून आले. एवढे बिडाचे काम जहाजातून आणून इथे नट-बोल्टांनी कसे जोडले असेल, हा प्रश्न वडिलांच्या मनात कित्येक वर्षे होता. त्यांचे वय तेव्हा 74 होते आणि दोन्ही गुडघे झिजलेले होते.

मी आमच्या शहरातल्या एका प्रवासी कार्यालयाकडून सहल घेतली. व्हीलचेअर मिळेल का आणि गाडी काचघराच्या जवळच्या दाराशी थांबेल का, हे दोन प्रश्न मी तीन वेळा विचारले आणि तिन्ही वेळा ‘होऊन जाईल साहेब, काळजी करू नका’ असे उत्तर मिळाले. ते मी लिहून घेतले नाही, ही माझी पहिली चूक. मुलांना सुट्टी म्हणून 15 ऑगस्ट हाच दिवस धरला, ही दुसरी आणि त्याहून मोठी चूक. त्या वर्षीचे प्रदर्शन कन्नड चित्रपटांतले लाडके नट डॉ. राजकुमार आणि त्यांचे चिरंजीव पुनीत राजकुमार यांच्या स्मरणार्थ होते. पुनीत यांचे निधन आदल्या वर्षीच ऑक्टोबरमध्ये झाले होते, त्यामुळे कर्नाटकातल्या गावागावांतून माणसे लोटली होती. अशा गर्दीत शिरण्यापूर्वी मी निदान वर्तमानपत्र तरी वाचायला हवे होते.

लालबाग 240 एकरांची आहे आणि तिला चार दारे आहेत. सकाळी अकरा वाजता चालकाने आम्हाला त्यांपैकी एका दाराशी उतरवले आणि तो निघून गेला. व्हीलचेअर नव्हती. कार्यालयाचा फोन सुट्टीमुळे बंद होता. वडील माझ्या खांद्यावर हात ठेवून पाऊण तास चालले, मध्ये चार वेळा बसले, आणि काचघराची कमान झाडांतून दिसू लागली तेव्हा तिथून पुढे नुसती रांगच होती. रस्त्याकडेच्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसून ते म्हणाले, “इथनं दिसतंय की. तू पोरांना घेऊन जा.” माझी पत्नी मुलांना घेऊन गेली आणि मी त्यांच्याजवळ बसून राहिलो. ज्यांच्यासाठी आलो, तेच बाहेर बसले होते. गुडघा धरून ते त्या कमानीकडे बघत बसले होते, आणि ती बैठक मला आजही सलते.

परत आल्यावर त्या कार्यालयात गेलो, तर ‘लेखी दाखवा’ एवढेच उत्तर मिळाले. पैशांचे दुःख फारसे नव्हते. परंतु म्हाताऱ्या माणसाच्या चालण्याचा प्रश्न ज्यांना तीनदा विचारला, त्यांनी साधी दिलगिरीसुद्धा व्यक्त करू नये, याचा राग अजून गेलेला नाही. सगळीच कार्यालये अशी असतात असे मी म्हणणार नाही, आणि तुमचे कदाचित फार चांगले असेल. तरीही गाडी कोणत्या दाराशी थांबेल, व्हीलचेअर कोण आणि कुठे देईल, आणि त्या दिवशी कोणाचा फोन चालू असेल, या तीन गोष्टी मोबाइलवरील संदेशात का होईना, पण लेखी घ्या. लिहून देण्याची टाळाटाळ झाली, तर ती सोय अस्तित्वात नाही असेच धरा.

आमचे नशीब असे की परतीची रेल्वे दुसऱ्या दिवशी रात्रीची होती. 16 तारखेला पहाटेच मी रिक्षावाल्याला ‘काचघराला सर्वांत जवळचे दार’ एवढेच सांगितले, आणि सात वाजता आम्ही तिथे होतो. बागेत सकाळी फिरायला आलेली माणसे तेवढी होती आणि माळी प्रदर्शनाच्या कुंड्या हातगाड्यांवर भरत होते. वडिलांनी एका खांबावर तळहात ठेवला आणि रंगाच्या थरांवरून बोट वरपासून खालपर्यंत फिरवले. मग माझे बोट धरून त्याच जागी टेकवले. केसाएवढी एक उभी रेघ हाताला लागत होती. साच्याच्या दोन पेट्या जिथे मिळतात तिथे ती उरते, असे त्यांनी सांगितले, आणि बोटांच्या पेरांनी ठोकून आवाज ऐकत, खांब आतून पोकळ असणार, असेही सांगितले. जवळच्या माळ्याला मराठी येत नव्हते आणि वडिलांना कन्नड येत नव्हते, तरी दोघे त्या खांबाविषयी बराच वेळ हातवारे करून बोलत होते.

एक गैरसमज मात्र मुलांना आधीच समजावून सांगा. काचघर म्हटले की बाराही महिने झाडांनी गच्च भरलेली दमट, उबदार इमारत डोळ्यांसमोर येते. थंड देशांत काच ऊन आत घेते आणि तापलेली हवा बाहेर जाऊ देत नाही, म्हणून तिथे उष्ण प्रदेशातली झाडे हिवाळ्यात जगतात. आपल्या भागातील ढोबळी मिरची किंवा जरबेऱ्याचे पॉलीहाऊस तुमच्या मुलांनी पाहिले असेलच, त्यामागचे तत्त्व बरेचसे तेच. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे आणि तिथे तशा उबेची फारशी गरज नाही. लालबागेची ही इमारत मुख्यतः प्रदर्शनांची जागा आहे. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन यांच्या सुमारास ती फुलांनी भरते, एरवी तिथे पाहायचे ते बांधकामच. त्यामुळे फुले हवी असतील तर प्रदर्शनाच्या काळातच जावे लागेल, फक्त सुट्टीचा दिवस आणि शनिवार-रविवार सोडून, सुरुवातीच्या एखाद्या कामाच्या दिवशी जा. मुलांची शाळा एक दिवस बुडाली तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात तारखा, वेळा आणि तिकिटाचे दर दर वर्षी बदलतात, ते निघण्यापूर्वी स्वतः तपासा. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या बागेत असतात, पण गर्दीच्या दिवशी त्या मिळतीलच असे गृहीत धरू नका.

पूर्ण बाग पायी पाहण्याचा आग्रह नको. काचघर, पांढऱ्या सावरीचे ते प्रचंड जुने झाड आणि तळ्याचा काठ एवढे आईंना पुरेसे होईल. सावरीच्या बुंध्याशी भिंतीसारखी पसरलेली मुळे आहेत आणि माझी धाकटी मुलगी तिथून हलायला तयार नव्हती. बेंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडांचा बुरूज असलेला बागेतला खडक सुमारे 300 कोटी वर्षे जुना आहे आणि तो मुलांना अवश्य दाखवा. मात्र चढ उघडा आहे, म्हणून ऊन चढण्यापूर्वी एकाने मुलांना घेऊन वर जावे आणि दुसऱ्याने आईवडिलांसोबत सावलीत बसावे. वडिलांना शेतीची आवड असेल तर सांगा की, 1760 च्या सुमारास हैदर अलीने ही बाग सुरू केली आणि टिपूने देशोदेशींची झाडे आणून ती वाढवली. बागेजवळच मावळ्ळी टिफिन रूम आहे, 1924 पासूनची. तिथेही रांग असते, म्हणून आईंना बसायला जागा आहे का, ते आधी आत जाऊन पाहा.

आईंना एवढा प्रवास झेपणार नाही असे डॉक्टर म्हणाले, तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचे वनस्पती उद्यान आहे. प्रा. एस. आर. यादव यांचे कंदीलपुष्पांवरील (कंदिलाच्या आकाराची फुले येणाऱ्या रानवनस्पतींवरील) काम त्याच विद्यापीठातले. कराडहून सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येते. तिथे भेटीची परवानगी लागते का, हे विभागात फोन करून विचारा. कासच्या पठाराचा पर्याय मात्र मी गुडघेदुखीच्या माणसाला सुचवणार नाही.

रेल्वेने जाणार असाल तर मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्रभरात बेंगळुरूला पोहोचवते. आईंसाठी खालचा बर्थ आत्ताच पाहा, आणि त्या कार्यालयाकडून दाराचे नाव लेखी आले की मला इथेच कळवा. तिथून काचघर किती अंतरावर आहे आणि वाटेत बसायला जागा कुठे आहेत, ते मी आठवून सांगतो.