चार स्टिक, ६००० चा वेग आणि दुपारचे चार

काका म्हणालास, म्हणून अरेतुरे करतो. तुझं दुखणं थोडक्यात असं: विश्रामबागेत घरी रायझन ७ ७७०० प्रोसेसर, बी६५० चा मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक ६००० च्या वेगावर, एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) चालू, सहा महिने काही तक्रार नाही. मग भावाच्या लग्नाच्या व्हिडिओंच्या कामासाठी त्याच मॉडेलच्या आणखी दोन आणल्यास. तेव्हापासून गेम मधेच बंद पडतो, अधूनमधून निळा स्क्रीन येतो आणि मोठी झिप उघडताना सीआरसी एरर, म्हणजे फाइल बिघडल्याची सूचना, येते. दुकानदार म्हणतो रॅम खराब आहे.

बहुतेक खराब नाही. चारही स्टिक चांगल्या असतील आणि तरी चौघींचं मिळून ६००० वर जमत नसेल. एएमडीने या प्रोसेसरला दोन स्टिक असतील तर ५२०० आणि चार असतील तर ३६०० एवढाच अधिकृत वेग दिलाय. खोक्यावरचा ६००० हा ओव्हरक्लॉक, म्हणजे अधिकृत वेगाच्या वर ताणलेला वेग आहे. एक्स्पो म्हणजे स्टिकच्या आत लिहून ठेवलेली सेटिंग, आणि कंपनीने ती तपासलेली असते त्या खोक्यातल्या दोन स्टिकपुरती. तू दोन खोकी एकत्र केलीस. मॉडेल तेच असलं तरी आतल्या चिपा वेगळ्या निघू शकतात, एका लॉटला हायनिक्स तर दुसऱ्याला सॅमसंग.

आणि बोर्डावर स्लॉट चार दिसले तरी चॅनेल, म्हणजे प्रोसेसरकडे जाणारे रस्ते, दोनच. एका चॅनेलच्या त्याच तारांवर दोन स्लॉट. मंगल कार्यालयाच्या रिकाम्या हॉलमध्ये माइकवर बोललं की आवाज भिंतीवर आपटून घुमतो आणि पुढचा शब्द कळत नाही, तसंच इथे होतं. एका स्टिकवरून परत आलेला सिग्नल दुसरीच्या सिग्नलमध्ये मिसळतो. वेग कमी असेल तर घुमणं विरायला वेळ मिळतो, ६००० वर मिळत नाही. दोनच स्टिक असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या, त्यामागचं कारणही हेच.

आता आधी काय करायचं ते. फोटो-व्हिडिओ बाहेरच्या ड्राइव्हवर घे, पण कॉपी करताना एक्स्पो बंद ठेव. हे मी हौसेने सांगत नाही. बिघडलेल्या मेमरीतून जे डिस्कवर लिहिलं जातं ते बिघडून लिहिलं जाऊ शकतं आणि विंडोज चकार शब्द काढत नाही. माझे एका सहलीचे चाळीसेक फोटो असे गेले, वरचा अर्धा भाग ठीक, खाली करडा पट्टा. महिनाभराने लक्षात आलं, तोवर कार्ड पुसून झालेलं.

मग एक्स्पो बंदच ठेवून, चारही स्टिकवर, पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) चे चार पास, म्हणजे चार पूर्ण फेऱ्या, लाव. ६४ जीबीला रात्र जाईल. इथे एरर आली तर दुकानदार बरोबर आहे, एकेक स्टिक लावून खराब कोणती ते शोध. नाही आली, तर जुन्या दोनच ठेवून एक्स्पोवर तीच टेस्ट, मग नव्या दोनच ठेवून. दोन्ही जोड्या एररशिवाय सुटल्या की भांडण एकत्र राहण्याचं आहे हे नक्की. टेस्टमध्ये एक एररसुद्धा चालत नाही. ‘एकच तर आली’ म्हणणारे पुढच्या महिन्यात विंडोज नव्याने टाकताना दिसतात.

चार स्टिक लावल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन कितीतरी मिनिटं काळा राहील. बोर्ड तेव्हा मेमरीचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे स्टिकशी सिग्नल जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नकोस, आणि लाइट जायच्या वेळेला हा उद्योग मांडू नकोस. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर असेल तर टेस्ट संपेपर्यंत बंद ठेव, नाहीतर प्रत्येक वेळी जुनंच ट्रेनिंग वापरलं जाईल. (सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ३००० दिसलं म्हणून फसवलं असं समजू नकोस. घड्याळ ३००० मेगाहर्ट्झ, आणि प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा, म्हणून ६०००.)

व्होल्टेज वाढवून बघू का, असं विचारलंयस. स्टिकचं १.३५ व्होल्ट एक्स्पोनेच दिलंय, ते राहू दे. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं) १.३० च्या वर कधीच नेऊ नकोस. २०२३ मध्ये याच पिढीचे काही प्रोसेसर जळाले आणि त्यानंतरच्या बायोसमध्ये १.३० ची मर्यादा घातली गेली. तुझा बायोस त्याच्या आधीचा असेल तर हे सगळं सोडून आधी तो अपडेट कर.

उष्णतेकडे कोणी बघत नाही, आणि आपल्याकडे तेच जास्त नडतं. माझं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब. मे महिन्यात रात्रभर विंडोजमध्ये चालणारी मेमरी टेस्ट एकदम स्वच्छ. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ग्राफिक्स कार्डावर रेंडर लावून तीच टेस्ट चालवली, तर चाळीस मिनिटांत सहा एरर. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये स्टिकचं तापमान ५८ अंश. मेमरीतला प्रत्येक बिट म्हणजे इवलासा कपॅसिटर, तो सतत गळतो, म्हणून पुन्हा पुन्हा भरावा लागतो. तापला की लवकर गळतो. मी शहाणपणा करून बायोसमधली टीरेफी ही सेटिंग ६५५३५ केली होती, म्हणजे भरायच्या पाळ्याच लांबवल्या होत्या. ती ऑटोवर आणली, पुढे एक पंखा बसवला, एरर गेल्या. तेव्हा तुझी शेवटची टेस्ट दुपारी, गेम चालवून झाल्यावर लगेच घे. मार्केट यार्डात मित्राच्या हळदीच्या पेढीवरचा कॉम्प्युटर उघडला तेव्हा स्लॉटपर्यंत पिवळी पूड गेली होती, सबब स्लॉटही फुंकून घे.

चारही ठेवायच्याच असतील तर ४८०० पासून सुरू कर, मग ५२००, आणि प्रत्येक पायरीला पूर्ण टेस्ट. व्हिडिओच्या कामात ६००० आणि ५२०० मधला फरक तुला घड्याळ लावूनच कळेल. ६००० हवेच असतील तर ३२ च्या दोन स्टिकचं एकच खोकं घे. नव्या दोन अजून परत जात असतील, तर मी तेच करीन. दुकानदाराशी वाद घालू नकोस, खराब म्हणून तोच बदलून देतोय, फरकाचे पैसे दे आणि ३२ ची जोडी माग.

बोर्डाचं मॉडेल आणि बायोसची तारीख कळव.