बाळाला गाईचं दूध केव्हा आणि कसं सुरू करावं?

ताई, तुमचा प्रश्न मी समजले तो असा: मुलगी साडेदहा महिन्यांची आहे, अंगावर पिते, खिमट आणि मऊ वरणभात खाते. पुढच्या महिन्यात तुम्ही कामावर रुजू होणार. डॉक्टर म्हणतात, गाईचं दूध वर्ष झाल्यावर. सासूबाईंनी मात्र एका गवळ्याकडे एकाच गाईच्या दुधाचा रतीब ठरवून टाकलाय, आणि निम्मं पाणी घालून आजपासूनच दे म्हणतात. कुणाचं ऐकायचं?

प्यायला देण्यापुरतं डॉक्टरांचं ऐका. रतीब मात्र बंद करू नका, त्या दुधाचं घरी दही लावा.

मी डॉक्टर नाही. नागपूरजवळच्या हिंगणा, कळमेश्वर भागात अंगणवाडी पर्यवेक्षिका होते, आता निवृत्त होऊन मानेवाड्यात राहते. लेकरांची वजनं, त्यांचा आहार आणि त्यांच्या आज्या, या तिन्हींशी नोकरीभर संबंध आला. आज्यांशी जरा जास्तच.

‘वर्षाच्या आत गाईचं दूध नाही’ हे वाक्य बहुतेक घरांत अर्धंच ऐकलं जातं. त्याचा अर्थ असा, की अंगावरच्या दुधाच्या जागी गाईचं दूध वाटी वाटी प्यायला द्यायचं नाही. सहा महिन्यांनंतर, उष्टावण झाल्यावर, खिमटात दोन चमचे दूध, रव्याच्या खिरीत थोडं दूध, ताजं गोड दही, हे सगळं चालतं. दही तर चांगलंच. त्यात एक फायदाही आहे: ज्या लेकराला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते त्याचा अंदाज चमचाभर दह्यावरच येतो, पेलाभर दूध पाजून बघावं लागत नाही. तुमची मुलगी आतापर्यंत दही खात असेल आणि अंगावर पुरळ, उलट्या, शीमध्ये रक्त, श्वासात घरघर असं काही झालं नसेल, तर पुढे दूध तिला सोसेल असं धरायला हरकत नाही. यातलं काही झालं असेल तर दूध-दही थांबवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला तर वाट बघत बसू नका, तसंच दवाखाना गाठा.

आता प्यायला का नको ते. आईच्या १०० मिली दुधात साधारण १ ग्रॅम प्रथिनं असतात, गाईच्या दुधात ३ ग्रॅमच्या वर. क्षारही आईच्या दुधाच्या कितीतरी पट. वासराला ते हवंच असतं, त्याला काही महिन्यांत केवढं तरी वाढायचं असतं. आपल्या बाळाच्या मूत्रपिंडांना मात्र हे सगळं बाहेर टाकायला जास्त पाणी खर्चावं लागतं. एरवी निभतं, पण ताप आला, जुलाब लागले की पाणी लवकर कमी पडतं. आणि तुम्ही बाळाला हे सुरू करणार आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात! एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास खेळतो, दुपारी कूलरसमोर बसूनही मोठ्या माणसाचा घसा कोरडा पडतो. त्या दिवसांत साडेदहा महिन्यांच्या लेकरावर हा प्रयोग नकोच.

पण माझ्या लेखी खरं कारण लोहाचं आहे. बाळ जन्मताना लोहाचा जो साठा घेऊन येतं तो सहा महिन्यांच्या सुमारास संपत आलेला असतो. आईच्या दुधातही लोह थोडंच, पण ते अंगी चांगलं लागतं. गाईच्या लिटरभर दुधात जेमतेम अर्धा मिलिग्रॅम लोह, आणि त्यातलं कॅल्शियम व केसिन नावाचं प्रथिन हे जेवणातून मिळणाऱ्या लोहालाही अडवतात. वर काही बाळांच्या आतड्यांतून या दुधामुळे डोळ्यांना न दिसणारं रक्त थोडं थोडं झिरपतं. मिळकत कमी आणि गळती वेगळी.

निम्मं पाणी घालण्याबद्दल. त्याने क्षार कमी होतात, सासूबाई तिथे चूक नाहीत. पण दुधातली ताकदही निम्मी होते आणि पोट मात्र तेवढंच भरतं, मग बाळ वरणभाताला तोंड फिरवतं. लोह तर त्याने वाढत नाहीच.

‘तुम्ही सगळे याच दुधावर वाढलात ना?’ हे त्या म्हणणारच. त्यांच्याशी वाद घालू नका, कारण त्यात तथ्य आहे. ज्या आईला दूध नव्हतं तिच्या लेकराला वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने गाईचं दूध पाजूनच जगवलं जायचं, दुसरं होतं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही असं आहे की आईचं दूध न मिळणाऱ्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला डब्याचं दूध किंवा जनावराचं दूध, दोन्हींपैकी काहीही देता येतं. म्हणजे ते विष नव्हे. डब्याचं दूध परवडत नाही म्हणून कोणी आई रडत असेल तर तिला हे जरूर सांगा, फक्त सोबत लोह कसं द्यायचं ते डॉक्टरांना विचारायला लावा. (सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची गोष्ट वेगळी, तिथे हा पर्याय नाही.) तुमच्याकडे ही अडचणच नाही. तुम्हाला दूध आहे, आणि दीडच महिना काढायचाय.

तो दीड महिना कसा काढायचा? सकाळी निघताना आणि आल्यावर अंगावर पाजा, मधल्या वेळेसाठी दूध काढून ठेवा. काढलेलं दूध फ्रीजमध्ये चार दिवसांपर्यंत राहतं. बाहेर चार तास टिकतं म्हणतात ते २५ अंशांच्या खोलीत. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये तो हिशेब विसरा, काढलं की लगेच फ्रीजमध्ये. गॅसवर उकळायचं नाही, वाटी गरम पाण्यात धरून कोमट करायची. तसंही दहा-अकरा महिन्यांचं बाळ दिवसाचं बरंचसं पोट जेवणावर भरू शकतं.

वाढदिवस झाला की मग गाईचं दूध खुशाल सुरू करा. पहिले काही दिवस सकाळी अर्धी वाटी, तिला कसं मानवतं ते बघत वाढवायचं. पाणी नाही, साखर नाही, बिस्किट बुडवून तर नाहीच. कपाने द्या. आवडलं नाही तर मागे लागू नका, दही-ताक-पनीरमधूनही तेच मिळतं. आणि अंगावरचं दूध तोडायची काही गरज नाही, दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवता येतं.

जास्तीत जास्त किती द्यायचं, हे कोणी विचारत नाही. दिवसाला दोन कप, फार तर अर्धा लिटर, त्यात दहीही धरायचं. अंगणवाडीत मी गुबगुबीत, वजनाच्या तक्त्यावर एकदम ठीक दिसणारी पोरं पाहिली आहेत, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासलं की हिमोग्लोबिन आठ. आईला विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘मॅडम, जेवतच नाही तो, पण दूध लिटरभर पितो बाप्पा!’ जेवत नाही म्हणून दूध द्यायचं, आणि दूध प्यायलं म्हणून तो जेवत नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ७-८ मिलिग्रॅम लोह लागतं. लिटरभर दुधातून किती मिळतं ते वर लिहिलंच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ६ महिने ते ५ वर्षांच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी निघालं. सगळा दोष दुधाचा नाही, पण शहरातल्या खात्यापित्या घरांमध्ये मला दुधाचाच वास येतो.

म्हणून दुधाआधी ताटाकडे बघा. डाळ, चवळी, मेथी-पालक बारीक शिजवून, नाचणी, खात असाल तर अंडं, मटणाचा खिमा. वरणभातावर लिंबू पिळा, नाहीतर जेवणानंतर संत्र्याच्या दोन फोडी साल-बिया काढून द्या. त्यातल्या क जीवनसत्त्वाने डाळ-भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. संत्र्याच्या गावात राहून आपण ते बाळाला सर्दी होईल म्हणून देत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. दूध जेवणाच्या तोंडावर नको, मध्ये दीड-दोन तास जाऊ द्या. आशाताईंकडे लोहाचं सिरप मोफत मिळतं, ६ महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली. डॉक्टरांनी आधीच लोहाचे थेंब दिले असतील तर दोन्ही एकत्र देऊ नका, त्यांना विचारा.

एकाच गाईच्या दुधाचा आग्रह सोडून द्या, त्यात काही विशेष नाही. ‘ए-२’ (हा दुधातल्या केसिन प्रथिनाचा एक प्रकार) म्हणून चढ्या भावाने मिळणाऱ्या बाटलीचंही तेच. आपली वर्धा-नागपूरकडची गवळाऊ असो की दुसरी कुठली देशी गाय, दूध चांगलंच, पण ॲलर्जी असलेल्या बाळाला तेही चालत नाही. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, ऑगस्ट २०२४ मध्ये हे ए-२ चे दावे पाकिटांवरून काढायला सांगितले आणि आठवडाभरात आदेश मागेही घेतला, यावरून काय ते समजा. म्हशीचं दूधही ए-२ च असतं, त्याचं कौतुक फारसं कोणी करत नाही.

गवळ्याचं घ्या किंवा पाकिटाचं, बघायचं ते दोनच ठिकाणी. एक, उकळणं. धारोष्ण दूध बाळाला कधीही नाही. कच्च्या दुधातून ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, दूध वर आलं की लगेच उतरवू नका, आच मंद करून ढवळत दोन-तीन मिनिटं ठेवा, मग पाण्याच्या परातीत ठेवून पटकन गार करा आणि फ्रीजमध्ये. दोन, साय. तुपासाठी साय काढायची आपली सवय, पण दोन वर्षांच्या आतल्या लेकराला ती स्निग्धता लागते, म्हणून गाईच्या दुधावरची साय दुधातच ढवळून घ्या. डबल टोन्डमध्ये दीडच टक्का फॅट असतं, ते तिच्यासाठी आणू नका. म्हशीचं असेल तर त्यात फॅट ६-७ टक्के असतं, थोडी साय काढलीत तरी चालेल.

शी घट्ट झाली तर दूध कमी करा, पाणी आणि फळं वाढवा.

पाळणाघरात ठेवणार असाल तर तिथल्या मावशींना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: रडली की दूध, असं नको, आधी डबा. बाटली देऊच नका, म्हणजे झोपवताना तोंडात धरायचा प्रश्नच येणार नाही, तशा बाटलीने पुढचे दात किडतात. आणि संध्याकाळी घरी पोचलात की हातपाय धुऊन आधी तिला अंगावर घ्या, दूध टिकतं ते त्यानेच. कुकर लावायला घरात बाकीची माणसं आहेत.