अमेरिकेत जन्मलेला कुणी सेनाधिकारी मराठ्यांविरुद्ध लढला होता का? त्याच्या कुटुंबाबद्दल काय माहिती आहे?

हो, सर डेव्हिड ऑक्टरलोनी. १८०४ साली यशवंतराव होळकरांच्या फौजेने दिल्लीला वेढा घातला, तेव्हा आतून शहर लढवणारा ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, तो हाच.

जन्म १७५८ सालचा, बॉस्टनचा. मॅसॅच्युसेट्स तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. वडील मूळचे स्कॉटलंडचे, जहाजाचे कप्तान. आई कॅथरीन टायलर मात्र तिथल्याच बड्या घराण्यातली. तिचे मामा विल्यम पेपरेल यांनी १७४५ मध्ये फ्रेंचांचा लुईबर्ग किल्ला जिंकला आणि त्याबद्दल बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळवली. डेव्हिड लहान असतानाच वडील वारले. आई इंग्लंडला गेली आणि तिने आयझॅक हर्ड यांच्याशी दुसरं लग्न केलं. हे हर्ड घराण्यांच्या वंशावळी आणि मानचिन्हं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेत होते. पुढे त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टनलाही पत्र लिहून त्याच्या पूर्वजांची माहिती मागवली होती. डेव्हिड १७७७ मध्ये कंपनीच्या बंगाल फौजेत कॅडेट झाला आणि मग जन्मभर हिंदुस्थानातच राहिला.

दिल्लीच्या वेढ्यात शहराचा तट लांबलचक आणि ठिकठिकाणी ढासळलेला होता, शिबंदी अगदी तुटपुंजी. फौजेची कमान कर्नल बर्नकडे होती. शिपायांना तटावरून हलवून स्वयंपाकाला सोडण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांना जागेवरच मिठाई वाटली आणि अर्ध्या महिन्याचा जादा पगार कबूल केला. आठवडाभराने होळकरांनी वेढा उठवला. माझ्या मते त्या लढाईतला हा फार मोठा क्षण होता, कारण दिल्ली पडली असती तर बादशहा शाह आलम पुन्हा मराठ्यांच्या हाती आला असता.

नेपाळचं युद्ध त्याने जिंकलं, त्याबद्दल त्यालाही बॅरोनेट पदवी मिळाली. कलकत्त्याचा शहीद मिनार मुळात त्याच्याच स्मरणार्थ बांधलेला.

आता कुटुंब. रोज संध्याकाळी तेरा बायका तेरा हत्तींवर बसून त्याच्यामागे फिरायला निघत, ही गोष्ट सगळीकडे फिरते. मी तिला फारसं महत्त्व देत नाही. त्याच्या मृत्युपत्रातलं एक नाव मला कितीतरी मोलाचं वाटतं: ‘बीबी महरट्टन मुबारक-उन-निसा बेगम’, धाकट्या मुलांची आई. ही मुबारक बेगम पुण्याहून दिल्लीला आलेली. ती ब्राह्मण घरातली होती, दासी म्हणून विकली गेली आणि पुढे मुसलमान झाली, असं इतिहासकार लिहितात. होळकरांशी लढलेल्या माणसाच्या घरचा कारभार एका मराठी बाईच्या हाती होता! तिने स्वतःला लेडी ऑक्टरलोनी म्हणवून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा इंग्रजांचा अगदी तिळपापड झाला.

आपल्या दोन मुलींबद्दल ऑक्टरलोनीने मेजर सदरलंड या स्नेह्याला लिहिलेलं पत्र वाचताना वाईट वाटतं. हा सदरलंड पूर्वी मराठ्यांच्याच नोकरीत होता आणि त्यालाही देशी बायकोपासून मुलं होती. मुलींना ख्रिस्ती म्हणून वाढवलं तर त्या कितीही गोऱ्या असोत, गोऱ्यांच्या समाजात त्यांना कायम ‘नेटिव्ह बाईच्या मुली’ म्हणूनच हिणवतील, मग मुसलमान म्हणून वाढवावं का, असा त्याचा पेच होता. मोठा अधिकारी असूनही स्वतःच्याच समाजात लेकींना मानाने वागवलं जाईल याची खात्री त्याला नव्हती. दुसऱ्या स्त्रीपासून झालेला मुलगा रॉडरिक त्याच्या आधीच गेला होता, म्हणून पदवी नातवाकडे, चार्ल्स मेटकाफ ऑक्टरलोनीकडे गेली.

१८२५ मध्ये भरतपूरच्या गादीच्या वादात त्याने फौज हलवली. गव्हर्नर-जनरल ॲमहर्स्टने तो हुकूम फिरवला. अपमान सहन न होऊन त्याने राजीनामा दिला आणि त्याच जुलैत मेरठला त्याचा मृत्यू झाला. दिल्लीत त्याने बांधलेल्या मुबारक बाग मकबऱ्यात त्याला पुरलंच नाही, आणि ती इमारतही १८५७ च्या धामधुमीत गेली. बेगमने नंतर विलायत खान या मोगल सरदाराशी लग्न केलं. सत्तावनच्या उठावात तो इंग्रजांविरुद्ध लढला.

तिच्या नावाची, १८२३ मध्ये बांधलेली मशीद दिल्लीत हौज काझी भागात अजून आहे. चावडी बाजार मेट्रो स्टेशनवर उतरलं की जवळच. जुलै २०२० च्या पावसात तिचा मधला घुमट कोसळला होता. दिल्लीला गेलात तर जरूर बघून या.