सरावात येतं, रिंगमध्ये येत नाही

"मॅडम, तंत्र सगळं आहे हो त्याच्याकडे. फक्त आत्मविश्वास कमी पडतो. तेवढा तुम्ही वाढवून द्या."

मी समुपदेशक आहे. माझ्यासमोर बसून कितीतरी आईवडील हे बोलले आहेत. कधी विषय अरंगेत्रमचा असतो, कधी तोंडी परीक्षेचा, कधी एमपीएससीच्या मुलाखतीचा. अलीकडे बॉक्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींची त्यात भर पडली आहे. तक्रार तीच: टांगलेल्या बॅगवर हात धडाधड चालतात, पॅडवर सर शाबासकी देतात, आणि रिंगमध्ये समोर माणूस उभा राहिला की शिकलेलं काहीच आठवत नाही. त्यांच्यातल्या एका मुलाबद्दल आज जरा सविस्तर लिहिते. त्याची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय १७, राहायला ठाण्यात, वर्तकनगरच्या बाजूला. पहाटे उपवन तलावाभोवती धावायचं, मग कॉलेज, संध्याकाळी बॉक्सिंग. स्पर्धेतल्या पहिल्या दोन्ही बाउट, म्हणजे लढती, हरला होता. हरल्याचं वाईट वाटत होतंच, पण त्याला जास्त लागलं होतं ते वेगळंच. "मी खेळलोच नाही मॅडम. नुसता उभा होतो." सोबत वडील आले होते, बॉक्सिंगचे जुने शौकीन. २००८ साली बीजिंगला विजेंदर सिंगनं ब्राँझ मिळवलं, बॉक्सिंगमधलं भारताचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. मुलाला या खेळात घालायचं हे त्यांनी तेव्हाच मनात धरलं होतं.

खेळाडू मुलं आली की मी आधी वजन, जेवण आणि झोप विचारते. बॉक्सिंगमध्ये सामन्याच्या दिवशी सकाळी वजन होतं. वजनगटात बसायचं म्हणून आदल्या दिवशी पाणीसुद्धा न पिणारी मुलं मी पाहिली आहेत. अशा मुलाचे पाय रिंगमध्ये लटपटले तर त्याला आत्मविश्वासाचं नाव देणं हा अन्याय आहे. याच्या बाबतीत तसं काही नव्हतं. खाणं व्यवस्थित, झोप व्यवस्थित, अभ्यासही ठीक.

मग मी त्याला शेवटची बाउट पहिल्या घंटेपासून सांगायला लावली. त्यानं फार बारकाईनं सांगितली. सर कॉर्नरमधून काय ओरडत होते, क्लबमधली दोन मुलं कुठे उभी राहून हसली, बाबांचा मोबाइल कुठल्या बाजूला होता, पहिल्या राउंडनंतर पाणी देताना सर त्याच्या डोळ्यांत न बघता भलतीकडेच बघत होते. ऐकून घेतलं आणि विचारलं,

"समोरचा मुलगा कसा होता?"

"चांगला होता."

"उजवा की डावखुरा?"

तो गप्प.

"उंचीला?"

"माझ्याएवढाच असेल... असेल बहुतेक."

"दुसऱ्या राउंडला जोरात लागला म्हणालास, तो पंच कुठल्या हाताचा?"

यावर तो बराच वेळ माझ्या टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "माहीत नाही मॅडम. मी बघितलंच नाही."

त्याच्या वयोगटात तीन-तीन मिनिटांच्या तीन राउंड असतात. म्हणजे नऊ मिनिटं एक मुलगा त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, त्याला मारत होता, आणि यानं त्याला सोडून सभागृहातलं बाकी सगळं पाहिलं होतं. अशा वेळी मला फार बरं वाटतं, कारण गाठ सापडलेली असते. मार लागण्याची भीती असती तर त्यानं मारणाऱ्यावरची नजर हलवली नसती. कुत्रा अंगावर आला की आपण कुत्र्याकडेच बघतो, बघ्यांकडे नाही. हा बघत होता बघ्यांकडे. भीती पंचची, म्हणजे ठोशाची, नव्हती, पंच खाताना चारचौघांना दिसण्याची होती. सगळे तिला "आत्मविश्वास नाही" म्हणत होते, तोही तेच म्हणत होता, आणि त्या नावामुळे उपाय चुकीच्या जागी चालला होता. घरी प्रेरणादायी व्हिडिओ, क्लबमध्ये आणखी बॅग. बॅग उलटून मारत नाही आणि कोणाला काही सांगतही नाही, त्यामुळे बॅगसमोरचा धीर बॅगपुरताच राहतो.

पुढच्या वेळी त्याला ग्लव्हजच्या आत गुंडाळायच्या पट्ट्या घेऊन यायला सांगितलं. "इथेच बांध, मी बघते." त्याला नवल वाटलं, पण त्यानं बांधायला घेतली. पट्टीच्या टोकाचा फास अंगठ्यात अडकवला, मनगटाभोवती वेढे दिले, मग तळहातावरून बोटांच्या सांध्यांवर, मग बोटांच्या फटींतून एकेक करून मागे. मध्ये एकदा पट्टीला पीळ पडला. त्यानं तो वेढा सोडला, बोटानं सपाट केला आणि पुन्हा घातला. शेवटी मूठ आवळून पाहिली, सैल केली, परत आवळली. या सगळ्यात दोन-तीन मिनिटं गेली असतील.

"आता सांग. बांधताना माझ्याकडे कितीदा बघितलंस?"

"एकदाही नाही."

"मी तर तुझ्याकडेच एकटक बघत होते. चूकही झाली तुझ्याकडून, पीळ पडला. लाज वाटली?"

"नाही. तुमच्याकडे बघायला वेळच नव्हता ना."

"आणि आत्मविश्वास कुठून आणलास?"

"त्यात कसला आत्मविश्वास? पट्टी तर बांधायची होती."

एवढं बोलला आणि थांबला. मीही काही बोलले नाही. पट्टी बांधलेल्या मुठीकडे बघत तो स्वतःशीच म्हणाला, "म्हणजे रिंगमध्ये मी पट्टी सोडून तुमच्याकडे बघतो." मी समजावून सांगितलं असतं तर त्यानं मान डोलावली असती आणि घरी जाईपर्यंत विसरला असता. हे त्याचं त्यानं सांगितलं, म्हणून ते टिकलं. समुपदेशकाचं कसब बोलण्यापेक्षा प्रश्न कुठे थांबवायचा यात असतं, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ परंपरेतली. १९५०च्या दशकात एलिस यांनी न्यूयॉर्कमध्ये ही विचारपद्धती मांडली आणि मराठी माणसापर्यंत ती डॉ. कि. मो. फडके यांनी आणली. भीतीच्या तळाशी एखादा हट्ट बसलेला असतो, तो शोधायचा, ही तिची शिकवण मी रोज वापरते. या मुलाचा हट्ट आम्ही दोघांनी मिळून कागदावर उतरवला: "मी मार खाताना कोणाला दिसता कामा नये." लिहून झाल्यावर तो स्वतःच हसला. बॉक्सिंगमध्ये असं कुणाच्याच नशिबी नसतं, जगज्जेत्यांच्याही नाही. "मार कमी बसावा" ही इच्छा ठीक आहे, तिच्यातून गार्ड, म्हणजे बचावासाठी हात धरणं, सुधारतो. "दिसताच कामा नये" या हट्टातून डोळे मिटतात, श्वास कोंडतो, खांदे ताठ होतात आणि हात चालत नाहीत. त्याचं तंत्र नेमकं असं बिघडत होतं.

एलिस स्वतः तरुणपणी अतिशय लाजाळू होते. १९ वर्षांचे असताना त्यांनी ब्रॉन्क्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी मुलींशी बोलायचं ठरवलं आणि जवळजवळ शंभरजणींशी बोलले. हाती काही लागलं नाही, पण नकाराची भीती गेली. आधी धीर यावा आणि मग बोलावं असा क्रम त्यांनी लावला नव्हता. मुलाला ही गोष्ट फार आवडली.

आम्ही क्लबमधल्या सरांशी बोललो. तंत्र शिकवणं हे त्यांचं काम, त्यात मी पडत नाही. विनंती एवढीच केली की काही आठवडे त्याला हलक्या हातानं, दोघांनीही फक्त जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारायचा, असं स्पॅरिंग (सरावाची लढत) द्यावं आणि प्रत्येक राउंडनंतर समोरच्याबद्दल तीन गोष्टी विचाराव्यात. सर समजूतदार. त्यांनी स्वतःची भरही घातली: नजर समोरच्याच्या छातीखांद्यावर ठेव, हात निघण्याआधी खांदा हलतो. आणि पंच मारताना श्वास सोड. मुलानं वही केली. पहिल्या पानावर होतं, "उंच आहे. निळे ग्लव्हज." पुढे पुढे नोंदी बदलत गेल्या. एक मला अजून आठवते: "याचा डावा हात जॅब मारून सरळ परत येत नाही, खालून येतो. तेव्हा उजवा गाल उघडा नसतो, डावा असतो." अशी नोंद करणाऱ्या मुलाला तंत्र येत नाही असं कोण म्हणेल? त्याला ते आधीही येत होतं, फक्त वापरायला समोर कोणी दिसत नव्हतं.

वडिलांशी मात्र वेगळं बसावं लागलं. ते प्रत्येक बाउट मोबाइलवर घेत आणि रात्री जेवताना दाखवत. "इथे बघ, लागोपाठ तीन खाल्लेस." प्रेमापोटीच, पण रोज.

"चुका दाखवल्याशिवाय सुधारेल कसा, मॅडम?"

"चुका सर दाखवतात, आणि क्लबमध्ये दाखवतात. तुम्ही पंच मोजता ते कशासाठी?"

"त्यावरच तर पॉइंट."

खरं तर ती पद्धत जुनी. विजेंदरच्या वेळी पंच मोजून कॉम्प्युटरवर गुण लागायचे. २०१३ पासून प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला १० गुण आणि दुसऱ्याला बहुधा ९. लागोपाठ तीन पंच बसले तर फार तर ती राउंड जाते, बाउट तिथे संपत नाही. हे ऐकून ते चमकले. मग मी त्यांना विचारलं, "२००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला विजेंदरचं काय झालं होतं?" त्यांना ठाऊक होतं: पहिल्याच लढतीत हरला होता, तेव्हा १८ वर्षांचा होता. तुमच्या मुलापेक्षा एकाच वर्षानं मोठा, एवढंच मी म्हणाले. काही महिने व्हिडिओ फक्त सरांना पाठवायचे आणि घरी एकच प्रश्न विचारायचा, "समोरचा कसा होता?", हे त्यांनी मान्य केलं आणि निष्ठेनं पाळलं.

पुढची बाउट मुलगा हरला. पण बाहेर आल्या आल्या सरांना म्हणाला, "तो उजवा मारण्याआधी पाय पुढे टाकतो. मला तिसऱ्या राउंडला दिसलं, आधी दिसायला हवं होतं." सरांनी मला त्याच रात्री फोन केला. त्यानंतर तो जिंकलाही. तरी मला विचाराल तर काम झालं ते त्या हरलेल्या बाउटमध्ये.

तुमच्या मुलाची किंवा मुलीची अशीच तक्रार असेल तर आधी तिच्याकडून शेवटचा सामना सांगून घ्या आणि ऐका, वाक्यावाक्यात कोण येतं. प्रतिस्पर्धी येत असेल तर प्रश्न सरावाचा आहे, क्लबमध्ये सुटेल. आई, बाबा, सर, मित्र, मोबाइल हेच येत असतील तर बक्षिसं, टोमणे, दुसऱ्यांच्या मुलांची उदाहरणं, सगळं काही दिवस बंद ठेवा. "घाबरू नकोस" हेसुद्धा. त्यानं मुलाचं लक्ष भीतीवरच जातं. आणि स्वतः खेळणाऱ्या मुलांनो, धडधड थांबायची वाट बघू नका. ती पहिल्या घंटेला असतेच. तिच्यासकट समोरच्याचा खांदा बघा.

एक गोष्ट मात्र यात मिसळू नका. डोक्याला मार लागल्यावर डोकं दुखणं, उलटी, गोंधळल्यासारखं होणं, अंधुक दिसणं, झोपाळू होणं, यांतलं काहीही दिसलं तर त्या दिवसाचा खेळ तिथेच थांबवायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय स्पॅरिंग नाही. तिथे मानसिक तयारी वगैरे शब्द कुणी वापरत असेल तर ऐकू नका.

शेवटी पालक हमखास विचारतात, "बॉक्सिंग सोडायला लावू का?" या मुलाच्या आईनंही विचारलं होतं. मी तिला सांगितलं, कोणी बघायला येणार नाही अशा दिवशी तो सरावाला जातो का, ते बघा. पावसात, बाबा ड्यूटीवर असताना, क्लबमध्ये तीनच मुलं असताना. तो जात होता. मग सोडवायचं कशाला, म्हणाली, आणि त्याची पट्ट्यांची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली.