देशाच्या राजकीय भवितव्याची काळजी वाटते म्हणून कायमचं परदेशी जावं का?

काळजी समजू शकतो, पण निवडणुकीच्या निकालाच्या रागात घर मोडू नका. आधी हे ध्यानात घ्या: भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की आपलं संपतं, पासपोर्ट जमा करावा लागतो. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) हवं तेव्हा येता-राहता येतं. पण मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली तेवढी राहते. म्हणजे ज्या राजकारणाची चिंता, त्यातलाच हक्क जातो. मला हे फार मोठं नुकसान वाटतं.

त्यापेक्षा भारतीय पासपोर्ट ठेवून शिक्षण-नोकरीसाठी जाऊन बघा. लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीमुळे अनिवासी भारतीयांना पासपोर्टावरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं, मात्र मतदानाला स्वतः यावं लागतं.

अमेरिकाच डोक्यात असेल तर ग्रीन कार्डाची (तिथे कायम राहण्याच्या परवान्याची) रांग भारतीयांसाठी कित्येक वर्षांची आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. राजकारण तिथेही व्हिसावर येऊन आदळतंच.

तुम्हाला प्रत्यक्ष धमक्या येत असतील तर गोष्ट वेगळी; मग आधी चांगला वकील गाठा.