हेलिकॉप्टरसाठी वावर विकायचं का?

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. आमचं खेडं घाटंजी तालुक्यात, शेती कापसाची. पाणबुड्या शोधणाऱ्या नौदलाच्या हेलिकॉप्टरवर जायचं म्हणते. पायलटच्या कोर्ससाठी दोन एकर वावर विकावं का? तिला पोहताही येत नाही.
– एक पालक

उत्तर : भाऊ, वावर विकू नका. कमर्शियल पायलटचा लाखोंचा कोर्स नौदलासाठी लागत नाही. तिथे निवड झाली की उडायचं शिक्षण सरकारी खर्चानं होतं.

आता लेक म्हणते ते काम काय आहे, तेही समजून घ्या. रडारच्या लहरी समुद्राच्या पाण्यात फार आत जात नाहीत, म्हणून पाणबुडी शोधायची ती आवाजावरून. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो, पण वरचं कोमट पाणी आणि खालचं गार पाणी जिथे भेटतं तिथे तो वाकतो. पाणबुडी नेमकी त्या थराखाली दडते आणि वरच्या जहाजाच्या सोनारला, म्हणजे आवाजावरून शोध घेणाऱ्या यंत्राला, चकवते. मग हेलिकॉप्टर लाटांच्या वर एका जागी तरंगत राहतं आणि विहिरीत बादली सोडावी तसं केबलला बांधलेलं सोनार थराखाली सोडतं. आपल्या नौदलानं अशी २४ एमएच-६०आर हेलिकॉप्टरं घ्यायचा करार २०२० मध्ये केला. त्यांचं पहिलं स्क्वाड्रन (तुकडी) ६ मार्च २०२४ ला कोचीत दाखल झालं. पाणबुडी बुडवणारा टॉर्पेडोही त्यावर असतो.

पायलट यंत्र सांभाळतो. सोनारवर काय दिसतं-ऐकू येतं त्याचा अर्थ लावणं, पुढची डुबकी कुठे मारायची ते ठरवणं, हे काम ऑब्झर्व्हर अधिकाऱ्याचं. या जागेबद्दल आपल्या पोरांना कोणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. २०२० मध्ये कुमुदिनी त्यागी आणि रिती सिंग या दोघी युद्धनौकेवरच्या हेलिकॉप्टरांसाठी निवडल्या गेलेल्या पहिल्या महिला अधिकारी ठरल्या, त्या ऑब्झर्व्हर म्हणूनच.

वाट दोन. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित ठेवून एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) परीक्षा. ती वर्षातून दोनदा होते आणि २०२१ पासून मुलींनाही खुली आहे. पेपर मराठीत नसतो, हिंदी किंवा इंग्रजीत असतो. मुलाखत पाच दिवस चालते, म्हणून इंग्रजी बोलायची सवय आतापासूनच लावा. दुसरी वाट, इंजिनिअरिंग करून थेट ऑब्झर्व्हरसाठी अर्ज. मला तुमच्या घरासाठी हीच जास्त पसंत आहे. निवड नाही झाली तरी हातात डिग्री राहते. दहावी, बारावीचे मार्क आणि इंग्रजी मात्र साठ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. (धाकटं भावंड असेल तर दहावीनंतरच्या सरकारी सैनिकी सेवापूर्व संस्थेची माहिती काढा : मुलांची छत्रपती संभाजीनगरला, मुलींची नाशिकला.)

पोहणं अकादमीत शिकवतात. तरी उन्हाळ्यात पाठीला डबा बांधून, जाणत्या माणसासोबत विहिरीत उतरवा. पुढे कोचीत हेलिकॉप्टरचा सांगाडा पाण्यात उलटा करून त्यातून बाहेर पडायला लावतात. पाण्याची भीती आधीच मोडलेली बरी.

आणि कुठल्याही क्लासची फी भरण्याआधी यवतमाळला नेऊन डोळे तपासा. रंगांधळेपणा निघाला तर उड्डाणशाखा मिळत नाही. रिपोर्ट आला की मला कळवा, पुढचं त्यावरून ठरवू.